एकटीची गाडी, रात्रीचा मुक्काम



आज बोलायचे आहे ते एका साध्या प्रश्नावर. बैठकीत कुणी म्हणते, "मोशीच्या प्रदर्शनात स्टॉल मिळतोय, जाणार का?" पापडवाली, मसालेवाली, गोधडीवाली, सगळ्यांचे डोळे चमकतात. मग घरून पहिला प्रश्न येतो, "रात्री राहणार कुठे?" आणि तिथेच निम्म्या जणी मागे सरतात. माल तयार असतो, गाडी असते, चालवणारीही असते. अडते ते रात्रीपाशी.

गेल्या काही वर्षांत आपल्या गटांतल्या बायका गाड्या चालवायला लागल्या. कुणाकडे घरचा छोटा हत्ती आहे, कुणी कर्ज काढून व्हॅन घेतली. हलक्या मोटारीच्या परवान्यावर ७,५०० किलोपर्यंत वजनाची मालगाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्के केले आहे. तेव्हा परवान्याची अडचण उरली नाही. पुण्याची भीमथडी जत्रा, पिंपरी-चिंचवड महापालिकेची पवनाथडी जत्रा, मुंबईचे महालक्ष्मी सरस, मोशीचे किसान कृषी प्रदर्शन, अशा ठिकाणी आपला माल जातो. एकटी बाई आणि तिची गाडी रस्त्यावर असते. कधी राहायचे ठिकाण आधी ठरलेले असते. पण कधी वाटेतच उशीर होतो आणि जागा ऐनवेळी शोधावी लागते. ती कशी शोधायची, हे आज सांगतो. भोसरी-चाकणचा पट्टा आपला रोजचा, म्हणून उदाहरणे तिथली घेऊ.

ही रीत नवी नाही

बाईने वाटेत मुक्काम करणे म्हणजे काहीतरी आगळे, असे आपल्याला सांगितले जाते. ते खरे नाही. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे मेंढरे घेऊन कोकणाकडे उतरतात आणि पावसाळ्याआधी परत येतात. महिनोन्‌महिने रोज नवी जागा. घोड्यावरचा संसार उतरवणे, चूल मांडणे, लेकरे निजवणे, सकाळी पुन्हा सगळे लादणे, हे बायकाच करतात. पुरुष माणूस पुढे जाऊन शेत बघतो, शेतकऱ्याशी बोलतो. मेंढरे बसली की शेताला खत मिळते, म्हणून शेतकरीही जागा देतो. त्यातून आपण तीन गोष्टी घ्यायच्या. जागा आधी बघायची, मालकाला विचारायची, आणि त्याचाही काही फायदा होईल असे बघायचे.

दुसरे उदाहरण वारीचे. देहूहून तुकोबांची आणि आळंदीहून माउलींची पालखी निघते, ती आपल्याच पट्ट्यातून. तुकोबांच्या पालखीचा मुक्काम आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात असतो. हजारो बाया चालतात, रस्त्यात राहतात, आणि कुणी त्यांना विचारत नाही की घर सोडून कशी आलीस. कारण मुक्काम ठरलेला आहे, दिंडी ओळखीची आहे, आणि कोण कुठे आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. अहिल्यादेवी होळकरांनी ठिकठिकाणी धर्मशाळा, विहिरी, घाट बांधले तेही यासाठीच. प्रवाशाला रात्रीचे छप्पर आणि पाणी मिळणे ही गावाची जबाबदारी मानली जायची.

परदेशात लोक चाकांवरचे घर घेऊन हिंडतात. त्यातच स्वयंपाक, त्यातच झोप. बऱ्याच बाया एकट्याही हिंडतात. आपल्या राज्य सरकारनेही २०२१ साली अशा घरगाड्यांच्या पर्यटनासाठी कॅराव्हॅन धोरण आणले. आपल्याकडे लाखोंची घरगाडी नाही. पण पाठीमागे पापडाच्या पेट्या, एका बाजूला घडी केलेली सतरंजी, पाण्याची कळशी आणि डबा असलेली व्हॅन म्हणजे आपली घरगाडीच की. प्रश्न दोघींचा एकच: आज रात्री ही कुठे उभी करायची?

पहिला नियम दिवेलागणीचा

जागा शोधायची वेळ कोणती? झोप आली की, असे नाही. दिवेलागणीच्या आधी. संध्याकाळी पाच वाजता गाडी बाजूला घेऊन एकदा हिशेब करा: मी कुठे आहे, घर किती लांब आहे, डिझेल किती आहे, अंग किती दमले आहे. साडेसातपर्यंत घरी किंवा ठरल्या जागी पोचणार नसाल, तर मुक्काम तेव्हाच ठरवा. उजेडात जागा दिसते. तिथे कोण बसते-उठते, नळ कुठे आहे, बाहेर पडायची वाट कोणती, हे दिसते. अंधारात फक्त दिवे दिसतात.

आपल्या पट्ट्यात हे जास्त महत्त्वाचे. मोशीहून चाकण गाठायला किती वेळ लागेल हे कुणीच सांगू शकत नाही. कारखान्यांची पाळी सुटली की कामगारांच्या बसगाड्या, कंटेनर आणि दुचाक्या एकदम रस्त्यावर येतात. तळेगाव चौक, आंबेठाण चौक, माणिक चौक, तिन्ही तुंबतात. अर्ध्या तासाच्या वाटेला दोन तास गेले की बाई रात्री नऊला राजगुरुनगरात असते, आणि पुढे मंचर, नारायणगाव, आळेफाटा बाकीच असतात. दमलेल्या डोळ्यांनी रात्री गाडी हाकण्यापेक्षा मध्ये थांबणे शहाणपणाचे. डुलकी लागून झालेला अपघात कुणाचे घर सांभाळत नाही.

कुठे थांबावे: जवळचे आधी

आम्ही गटांना एक क्रम सांगतो. वरून सुरुवात करायची, नाही जमले तर पुढची पायरी.

पहिली पायरी म्हणजे बचत गटातल्या मैत्रिणीचे अंगण. उमेद अभियानामुळे आता जवळजवळ प्रत्येक गावात गट आहेत, गटांचा ग्रामसंघ आहे, त्यावर प्रभागसंघ आहे. खेड, आंबेगाव, जुन्नर, शिरूर, मावळ, कुठेही जा, ओळखीची ओळख निघतेच. तुमच्या समूह संसाधन व्यक्तीला फोन करा, ती तिकडच्या ताईला करील. अंगणात गाडी, ओटीवर अंथरूण, सकाळी चहा. जाताना पापडाचे एक पाकीट हातावर ठेवा, आणि ती आपल्या गावी आली तर आपले दार उघडे ठेवा. ही देवाणघेवाण झाली की उपकार राहत नाहीत.

दुसरी पायरी देवस्थानाची. आळंदीत धर्मशाळा भरपूर आहेत, देहूतही सोय होते. अष्टविनायकांच्या वाटेवर ओझर आणि रांजणगावला भक्तनिवास आहेत. तिथे कुटुंबे उतरतात, बायका-मुले असतात, रात्री उशिरापर्यंत वर्दळ असते, पहाटे काकड्याला पुन्हा जाग येते. एकट्या बाईला काही ठिकाणी खोली द्यायला कुरकुर करतात, म्हणून आधी फोन करून विचारा आणि ओळखपत्र जवळ ठेवा. एक लक्षात ठेवा. कार्तिक वद्य एकादशीला आळंदीत, आणि तुकाराम बीजेला देहूत पाय ठेवायला जागा नसते, रस्तेही गाड्यांना बंद करतात. त्या दिवसांत तिकडे वळू नका.

तिसरी पायरी बाजार समितीची. मोशीचा उपबाजार, चाकण, मंचर, नारायणगाव. भाजीपाल्याच्या गाड्या रात्रीच येतात, मोठे दिवे असतात, हमाल-मापाडी जागे असतात, फाटकावर पहारा असतो. नारायणगावच्या टोमॅटोच्या हंगामात तर रात्र आणि दिवस एकच. बाजारात गेलात की आधी कचेरीत किंवा फाटकावर जाऊन विचारा, गाडीचा नंबर लिहून द्या. कुठल्याशा कोपऱ्यात न विचारता गाडी घालू नका. भाजी विकणाऱ्या बायका जिथे बसतात त्या बाजूला थांबलेले बरे.

चौथी पायरी चोवीस तास चालू असणारा पेट्रोलपंप. पंपावर पिण्याचे पाणी, हवा आणि स्वच्छतागृह ग्राहकाला फुकट द्यावे असा तेल कंपन्यांचा नियम आहे. रात्रभर उजेड आणि कॅमेरा असतो. डिझेल तिथेच भरा, मग व्यवस्थापकाला विचारा. आमच्या बायका असे बोलतात: "दादा, डिझेल भरलंय. पहाटे निघायचंय. तोवर गाडी तुमच्या कॅमेऱ्यासमोर लावू का?" सरळ विचारले की बहुतेक जण हो म्हणतात, आणि एकदा हो म्हटले की तोच माणूस लक्षही ठेवतो. नाही म्हणाले तर वाद न घालता पुढे जा. महामार्गावरच्या टोलनाक्यांजवळही, जसे चाळकवाडी किंवा हिवरगाव पावसा, माणसांचा राबता असतो. राष्ट्रीय महामार्गावर गाडी बिघडली, अपघात झाला तर १०३३ हा क्रमांक लावायचा.

ढाबा चालेल का? कुटुंबे जेवतात तो चालेल, आणि स्वयंपाकघरात बायका काम करत असतील तर आणखी चांगले. दारू मिळते तो चालणार नाही. बाहेरून सारखेच दिसतात, म्हणून आधी आत जाऊन चहा घ्या, दहा मिनिटे बसा, मग ठरवा.

पाचवी पायरी लॉज. एकट्या बाईला खोली देऊ नये असा कुठलाही कायदा नाही. ओळखपत्र मागतात, ते द्यावे लागते. आधारची प्रत देताना पहिले आठ आकडे झाकलेली प्रत चालते, ती आधारच्या संकेतस्थळावरून काढता येते. शक्यतो पहिल्या मजल्यावरची, जिन्याजवळची खोली घ्या. आतली कडी, खिडकीची खिट्टी, मोरीचे दार बघूनच पैसे द्या. किल्ली घेताना खोलीचा नंबर मोठ्याने कुणी म्हणाले, तर खोली बदलून मागा. यात लाजण्यासारखे काही नाही.

अडचणीची ठिकाणे

कधी वरचे काहीच जमत नाही. गाडी बंद पडते, मुसळधार पाऊस लागतो, कुणी पाठलाग करतेय असे वाटते. तेव्हा पोलीस ठाणे, सरकारी दवाखाना किंवा एसटी स्थानक गाठा. पिंपरीचे यशवंतराव चव्हाण रुग्णालय किंवा चाकणचे ग्रामीण रुग्णालय, तिथे रात्रभर माणसे असतात. पेशंटच्या जागा अडवायच्या नाहीत, पण आवारात उजेडात गाडी लावून बसता येते. चाकण, आळंदी, देहूरोड, तळेगाव ही ठाणी २०१८ पासून पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात आहेत, आणि राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव पुणे ग्रामीणमध्ये. आपल्याला हद्दीचा विचार करायची गरज नाही. ११२ लावला की ज्यांची हद्द आहे त्यांच्याकडे निरोप जातो.

एसटी स्थानकाबद्दल थोडे थांबून बोलायला हवे. २५ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे पुण्याच्या स्वारगेट स्थानकात काय घडले, ते आपण सगळ्यांनी ऐकले. गावी निघालेल्या एका तरुणीला, तुमची गाडी पलीकडे लागली आहे, असे गोड बोलून एका माणसाने बाजूला उभ्या असलेल्या बसपाशी नेले आणि तिथे तिच्यावर अत्याचार केला, अशी फिर्याद आहे. तिचे काही चुकले नव्हते. ती भरल्या स्थानकात गाडीची वाट बघणारी प्रवासी होती. दोष अत्याचार करणाऱ्याचा आणि अंधारात गाड्या उभ्या ठेवणाऱ्या व्यवस्थेचा. पण त्यातून आपल्याला एक सवय लावून घेता येते. गाडी कुठे लागली, खोली कुठे आहे, रस्ता कुठला, हे वाटेत येऊन सांगणाऱ्याकडून घ्यायचे नाही. आपण उठून चौकशीच्या खिडकीशी जायचे, गणवेशातल्या माणसाला विचारायचे. मुक्कामाच्या जागेलाही हेच लागू. "ताई, इकडे चांगली जागा आहे, मागून या" असे कुणी स्वतःहून म्हणाले, तर "बरं दादा" म्हणायचे आणि उजेडातच राहायचे. जागा आपण निवडायची. दुसऱ्याने निवडून दिलेली घ्यायची नाही.

कुठे थांबू नये

महामार्गाच्या कडेला अजिबात नाही. चाकण पट्ट्यात कंटेनर आणि ट्रेलर रस्त्याकडेला लागलेले दिसतात, म्हणून आपणही लावावे असे वाटते. मागून येणाऱ्या झोप आलेल्या चालकाला उभी गाडी दिसत नाही, हिवाळ्याच्या धुक्यात तर नाहीच. गाडी बंदच पडली तर धोक्याचे दिवे चालू करा, लाल त्रिकोण बराच मागे ठेवा, आणि स्वतः गाडीतून उतरून कठड्यापलीकडे उभ्या राहा.

औद्योगिक वसाहतीतले आतले रस्ते टाळा. दिवसा तिथे पाऊल ठेवायला जागा नसते, पण पाळी सुटली की चिटपाखरू नसते. भोसरी-चाकणकडे बऱ्याच कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असते, त्या रात्री तर पूर्ण शुकशुकाट. थांबायचेच तर पहारेकऱ्याची खोली आणि कॅमेरा असलेल्या मोठ्या फाटकासमोर, विचारून.

नदीच्या पात्रात, पुलाखाली थांबू नका. वरच्या धरणातून पाणी सोडले की पात्र भरते, आपल्यापर्यंत भोंगा ऐकू येईलच असे नाही.

आणि उसाच्या कडेला तर बिलकुल नाही. खेड, आंबेगाव, जुन्नर, शिरूर या तालुक्यांत बिबट्या उसात राहतो, हे आपल्याला सांगायला नको. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्रच आहे. गाडीच्या आत बाई सुरक्षित असते. धोका असतो तो रात्री उतरून अंधारात लघवीला बसण्यात. वाकून बसलेले माणूस बिबट्याला लहान जनावरासारखे दिसते. म्हणून स्वच्छतागृह नाही ती जागा मुक्कामाची नाही, हा नियमच करा. बिबट्या दिसला तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे.

जागा पटली, आता पंधरा मिनिटे

गाडी लावली की लगेच आडवे व्हायचे नाही. पंधरा मिनिटे बघायचे.

गाडीचे तोंड रस्त्याकडे आहे का? पुढे दुसरी गाडी लागून वाट अडणार नाही ना? मोबाईलला रेंज आहे का? आसपास एक तरी बाई दिसते का? चहावाली, झाडूवाली, तिकीटवाली, कुणीही. तिच्याशी दोन शब्द बोला, नाव विचारा. रात्री काही झाले तर नाव घेऊन हाक मारता येते, आणि नावाने मारलेल्या हाकेला माणूस धावतो.

"एकटीच आहात का?" असे कुणी विचारील. "भाऊ पुढच्या गाडीत आहे, येतोच आहे," किंवा "आमची गटाची गाडी मागून येतेय," असे सांगा. हे खोटे बोलणे नव्हे, ती दाराला लावलेली कडी आहे.

या पंधरा मिनिटांत मन खट्टू झाले, कुणाची नजर बरी वाटली नाही, तर कारण शोधत बसू नका. गाडी चालू करा आणि पुढची पायरी धरा. म्हणूनच टाकीत नेहमी पन्नास-साठ किलोमीटरचे डिझेल शिल्लक असले पाहिजे.

गाडीत झोपताना

सगळ्यात मोठा धोका चोराचा नाही, हवेचा आहे. काचा बंद करून, इंजिन आणि एसी चालू ठेवून कधीही झोपू नका. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस झोपेतच जातो, त्याला कळतही नाही. बंद शेडमध्ये किंवा भिंतीला धुराडे लागून गाडी असेल तर धोका आणखी वाढतो. थंडीत शेगडी किंवा कोळसा पेटवून आत ठेवणे म्हणजे तेच मरण. नारायणगावच्या डिसेंबरात गारठा असतो, त्यासाठी गोधडी जास्त घ्या. छोटा सिलिंडर जवळ असेल तर स्वयंपाक बाहेर करा, आणि झोपण्याआधी रेग्युलेटर बंद आहे का ते हात लावून बघा.

समोरासमोरच्या दोन काचा दोन-दोन बोटे खाली ठेवा. हवा खेळते, हात आत जात नाही. काचांवर जुन्या साडीचे पडदे करा, डासांसाठी जाळी लावा. दारे आतून लावा. किल्ली एकाच जागी, हाताशी. बॅटरी, शिट्टी, पाण्याची बाटली, चपला उशाशी. मोबाईल झोपण्याआधी चार्ज करा. दिवसाची रोकड एका जागी ठेवू नका, जमेल तितकी संध्याकाळीच खात्यावर भरा. पाळीचे कपडे किंवा पॅड, कागद, साबण, झाकणाची छोटी बादली ही यादी गाडीतच चिकटवून ठेवा. रात्री बाहेर उतरणे नको म्हणून पाणी न पिणारी बाई दुसऱ्या दिवशी लघवीच्या जळजळीने आजारी पडते. पाणी प्या, बादलीची सोय ठेवा.

मालगाडी असेल तर हौद्यात मालासोबत झोपू नका. बाहेरून कडी लागली तर आत अडकाल. पुढे केबिनमध्ये झोपा.

काही घडलेच तर

११२ पोलिसांसाठी, १८१ महिला मदतवाहिनी, १०८ रुग्णवाहिका, रेल्वेत असाल तर १३९. मोबाईलच्या मागे कागदावर लिहून चिकटवा. घाबरल्यावर आकडे आठवत नाहीत.

तक्रार कुठल्याही ठाण्यात देता येते. "आमच्या हद्दीत नाही, तिकडे जा" असे म्हणता येत नाही. शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो योग्य ठाण्याकडे पाठवावा, असे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यात लिहिलेले आहे. नोंदीची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. कुणी पोलीस असल्याचे सांगून रात्री "ठाण्यात चल" म्हणून दमदाटी केली, तर हे लक्षात ठेवा: सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक करता येत नाही. अगदीच अपवाद असेल तर महिला अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घेऊनच. काच खाली न घेता ओळखपत्र दाखवायला सांगा आणि ११२ वर खात्री करा.

अत्याचार झालेल्या बाईसाठी सखी वन स्टॉप सेंटर आहे. तिथे दवाखाना, पोलीस, वकील यांची मदत आणि काही दिवसांचा निवारा एकाच ठिकाणी मिळतो. १८१ वर विचारले की जवळचे केंद्र सांगतात.

खर्चाचा आणि घरच्यांचा प्रश्न

मुक्कामाचा खर्च फुकट गेला, असे घरात म्हणतात. हिशेब मांडून बघू. समजा मोशीहून गाव पंचाहत्तर किलोमीटर आहे. रोज जाऊन-येऊन दीडशे. लिटरला पंधरा किलोमीटर धरले तर दहा लिटर डिझेल, नव्वदच्या भावाने नऊशे रुपये. चार-पाच तास वाटेत. त्याऐवजी खोलीला चारशे-पाचशे दिले तरी पैसे वाचतात, आणि सकाळी स्टॉल वेळेवर उघडतो. मुक्कामाचे पैसे मालाच्या किमतीत धरा, जसे पिशवीचे आणि लेबलचे धरता. गाडीने जायची गरजच नसेल तर २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे, तोही हिशेब करून बघा.

घरच्यांची काळजी खोटी नसते. तिच्यावर उपाय म्हणजे माहिती. गटात एक मुक्काम-वही ठेवा. जाणारीचे नाव, गाडीचा नंबर, वाट, कुठे थांबण्याचा विचार, दोन फोन नंबर. दिवेलागणीला एक फोन: "इथे थांबलेय." सकाळी निघताना दुसरा: "निघालेय." जागेचा पत्ता व्हॉट्सअॅपवर पाठवता येतो, तो घरी आणि गटातल्या एकीला पाठवा. सकाळी सातपर्यंत फोन आला नाही तर कुणी, कुणाला फोन करायचा, हे वहीत आधीच लिहिलेले असावे. अशी व्यवस्था दिसली की नवरा, सासू, सासरे यांचा विरोध पुष्कळ मावळतो. ज्यांचा मावळत नाही, त्यांच्या घरी गटाच्या दोघी-तिघींनी जाऊन बसावे. कर्जाच्या हप्त्यासाठी आपण जातो, मग यासाठी का जाऊ नये?

पुढच्या बैठकीत एक काम करा. भिंतीवर मोठा कागद लावा. आपल्या गावापासून पुण्यापर्यंतची वाट काढा. प्रत्येकीने तिला माहीत असलेली एक जागा त्यावर लिहायची: मावसबहिणीचे घर, ओळखीचा पंप, भक्तनिवास, बाजार समिती. शेजारी फोन नंबर, आणि तिथे बायकांसाठी स्वच्छतागृह आहे की नाही याची खूण. जिथे थांबू नये त्या जागा लाल पेनाने. कागद भरला की त्याचा फोटो काढून सगळ्यांच्या मोबाईलवर ठेवा, आणि शेजारच्या ग्रामसंघालाही पाठवा. वीस जणींच्या माहितीचा तो नकाशा असेल.

मोशीच्या स्टॉलचा निरोप पुन्हा येईल, तेव्हा "रात्री राहणार कुठे?" या प्रश्नावर कुणी मान खाली घालायला नको. भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवावे आणि जागेचे नाव सांगावे.